आमच्या चिंगीच्या दाढा घासल्या त्याची गोष्ट (ससा पाळणाऱ्यांनी वाचा)

सशाला दाढा असतात हे आमच्या घरात कोणाला माहीतच नव्हतं. सासूबाईंचं तर ठाम मत, अगं त्याला पुढे दोनच दात असतात, चित्रात बघत नाहीस का. असतात मात्र 28. वर पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन छोटे दात लपलेले असतात, खाली पुढे दोन, आणि आत गालाकडे 22 दाढा. आणि हे सगळेच्या सगळे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर.

चिंगी आमच्याकडे आली शेजारच्यांची बदली झाली म्हणून. तिकडे ती पेलेट्स (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या), गाजर आणि अधूनमधून मारी बिस्किट यावर वाढलेली, गवत समोर ठेवलं की त्यावर बसायची, खायची नाही. बाकी चावायला एकदम हुशार, सोफ्याचा कोपरा, चार्जरच्या वायरी, दाराची चौकट, काही सोडलं नाही. त्यामुळे ती जेवायला कंटाळायला लागली तेव्हा दातांचा संशय कोणालाच आला नाही, एवढं कुरतडते म्हणजे दात धडधाकटच असणार ना.

लक्षणं अशी की बाऊल वाजला की धावत यायची, एक पेलेट तोंडात घ्यायची आणि टाकून द्यायची. कोथिंबीर खायची पण गाजराला तोंड लावेना. हनुवटीखालचे केस सारखे ओले. लेंड्या बारीक आणि कमी. आणि एका डोळ्यातून पाणी. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या घराजवळ जे डॉक्टर आहेत त्यांनी पुढचे दात बघितले, म्हणाले दात सरळ आहेत, आणि डोळ्याचे ड्रॉप दिले. त्यांचं कुत्र्या-मांजरांचं काम चांगलं आहे, पण सशाचं तोंड एवढं अरुंद असतं की दाढा नुसत्या बघून दिसतच नाहीत. ड्रॉप घालून डोळा तसाच राहिला आणि खाणं अजून कमी झालं, तेव्हा मी एक्झॉटिक प्राणी, म्हणजे कुत्रा-मांजर सोडून ससे वगैरे, बघणारे डॉक्टर शोधायला लागले, ते सापडले नवी मुंबईत.

सशाला ऊन अजिबात सोसत नाही म्हणून सकाळी लवकर निघालो, बास्केटमध्ये टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवून, तरी विटाव्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोच, नवरा रिक्षावाल्याला सांगतोय दादा हॉर्न नका वाजवू ससा आहे, आणि रिक्षावाला वळून वळून बघतोय.

डॉक्टरांनी कान तपासायचं दिव्याचं यंत्र असतं ना, तेच तिच्या तोंडात घालून आत बघितलं आणि मलाही दाखवलं. खालच्या दाढेला आतल्या बाजूने धारदार टोक आलं होतं आणि ते जिभेला घासून जखम झाली होती. मग डोक्याचा एक्सरे, कारण दाढांची मुळं कशी आहेत ते वरून कळत नाही. डोळ्याचं कोडं तिथे सुटलं, अश्रू नाकात वाहून नेणारी नळी वरच्या दातांच्या मुळांना अगदी लागून जाते, मूळ मागे सरकलं की नळी दबते आणि पाणी बाहेर येतं.

मी विचारलं, एवढं लाकूड चावते तरी दाढा कशा वाढल्या? ते म्हणाले, ताई, लाकूड कुरतडते ती पुढच्या दातांनी. दाढा झिजतात त्या गवत चघळताना. तेव्हा खालचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, आणि गवतात सिलिका असते तिने दाढ घासली जाते. पेलेट मात्र वरून-खालून दाबलं की चुरा होतो, पोट लवकर भरतं, चघळणं संपलं. बाजारात ती रंगीत लाकडी खेळणी ‘दातांसाठी’ म्हणून विकतात ना, वेळ घालवायला ठीक आहेत, दाढांना त्यांचा उपयोग जवळपास शून्य असं माझं आता स्पष्ट मत झालंय.

दाढा घासायला भूल द्यावी लागते. आदल्या रात्री आईचा फोन, ऑपरेशन आहे ना, उपाशी ठेव तिला. नाही ठेवायचं! ससा उलटी करूच शकत नाही आणि पोट रिकामं राहिलं की त्याचं आतडं थंडावतं, ते भुलीपेक्षा वाईट. आम्ही निघेपर्यंत कोथिंबीर समोर होती. पुढचे दात वाढलेले असले तर काही जण नेलकटरने कापतात, तेही करू देऊ नका, दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो, मशीननेच घासून घ्यायचे. आणि अँटिबायोटिक कोणी दिलं तर आधी नाव विचारा, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या जिवावर बेतू शकतं.

प्रत्यक्ष काम फार वेळाचं नव्हतं. खरी मेहनत घरी आल्यावर. जीभ दुखत होती म्हणून दुखण्याचं औषध, आणि गवताची पावडर पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजने भरवायची, तोंडाच्या बाजूने, थोडी थोडी, घाई केली की ठसका लागतो. अर्धी पावडर तिच्या अंगावर, अर्धी माझ्या गाऊनवर. बारा तास ससा काही खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट न बघता फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे रात्री उठून मी आणि नवरा टॉर्च घेऊन लेंड्या बघत होतो. नीट गोल मोठ्या लेंड्या दिसल्या तेव्हा जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही, ऑफिसात तर नाहीच.

मग गवताची सवय. टिमोथी नावाचं सुकं गवत ऑनलाइन मागवलं, महाग आहे. ती ढुंकून बघेना. शेवटी जांभळी नाक्याला फुलवाल्यांकडून दूर्वांच्या जुड्या आणायला लागले, मीठ-पाण्याच्या भानगडीत न पडता साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून, त्या टिमोथीत मिसळायच्या. दूर्वा शोधता शोधता सुकं गवतही पोटात जायला लागलं. पेलेट्स हळूहळू कमी करत दिवसाला दोन चमच्यांवर आणले, गाजर आता फक्त लाच म्हणून, नखं कापताना.

पावसाळ्यात ठाण्यात गवत लगेच दमट होतं आणि बुरशीचा वास येतो, तसलं सरळ फेकून द्यायचं, म्हणून मी छोटं पाकीट घेते आणि हवाबंद डब्यात ठेवते. स्वयंपाकघरातला वजनकाटा आता चिंगीचा झालाय, दर रविवारी टोपलीत बसवून वजन लिहून ठेवते, कारण खाणं कमी झालेलं आधी काट्यावर कळतं, डोळ्याला उशिरा. डोळ्याचं पाणी बरंच कमी झालंय, पूर्ण नाही. दाढेचं टोक परत येऊ शकतं असं डॉक्टर म्हणालेत, त्यामुळे दिवाळीनंतर पुन्हा ते दिव्याचं यंत्र आणि पुन्हा विटाव्याचा ट्रॅफिक.