तुम्ही विचारलंत म्हणून : मॉड टाकल्यापासून गेम अडकतोय, नवं कार्ड घेऊ का?

"ताई, स्कायरिममध्ये मॉड टाकले आणि गेम झटके खायला लागला. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहून ठेवते. (मॉड म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या जोड-फाइली.) विचारणारी मुलंमुली बहुतेक कॉलेजातली असतात. कधी त्यांचे वडील विचारतात, कारण पैसे त्यांना भरायचे असतात. दोघांनाही मी एकच सांगते : लगेच नको. गेम नेमका कुठे अडकतोय ते आधी शोधू. त्याला एक रुपया लागत नाही, आणि दोष बऱ्याचदा कार्डाचा निघत नाही.

स्कायरिमचंच उदाहरण घेते, कारण मॉडच्या बाबतीत इतका जुना आणि इतका जिवंत गेम दुसरा क्वचितच असेल. मूळ गेम 2011 चा. तो 32 बिटचा असल्याने जास्त मॉड टाकले की मेमरीची मर्यादा ओलांडून बंद पडायचा. 2016 मध्ये 64 बिटची स्पेशल एडिशन आली आणि ती अडचण संपली. आज घरोघरी चालतो तो हा दुसरा.

तर "अडकतो" म्हणजे काय होतं? माझा पहिला प्रश्न हाच असतो, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार येतात. एकात सगळीकडेच गेम संथ असतो. दुसऱ्यात गेम छान पळतो आणि मधेच क्षणभर थिजतो, मान वळवली की हिसका बसतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे पडद्यावरची 60 चित्रं, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. एखाद्याच फ्रेमने 100 मिलिसेकंद खाल्ले, तर सरासरी फारशी हलत नाही, पण डोळ्याला ते लगेच कळतं. म्हणून एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा एकटा बघू नका. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख स्क्रीनवर आणता येतो. रेघ सपाट पण वर असेल तर पहिला आजार. रेघेला मधेच सुळके येत असतील तर दुसरा.

पहिल्या आजारात कार्ड दमतंय की प्रोसेसर, हे ओळखायचं. एकच सेव्ह (साठवलेला खेळ) उघडा, एकाच जागी उभे राहा. मी गेममधल्या व्हाइटरन गावात ड्रॅगन्सरीच या वाड्याच्या दारातून खालचं गाव दिसतं ती जागा वापरते. गेममधली वेळ आणि हवामानही तेच ठेवा, नाहीतर दोन मोजण्यांची तुलनाच होत नाही. आता रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणा. एफपीएस भरभर वाढला तर भार कार्डावर होता. जागचा हलला नाही तर प्रोसेसर मागे पडतोय, आणि अशा मशीनमध्ये कितीही महागडं कार्ड घातलं तरी त्याच जागी तोच आकडा येणार. गावात घरं, झाडं, माणसं वाढवणारे मॉड प्रोसेसरवरच बसतात, कारण प्रत्येक वस्तू पडद्यावर रेखाटायची सूचना कार्डाला प्रोसेसरच देतो. सावल्यांचंही तसंच. सावली पाडायला तीच वस्तू पुन्हा रेखाटावी लागते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये सावल्यांचं अंतर कमी करून बघा. एवढ्या एका बदलाने कितीतरी जुन्या मशीनमधला गेम सुटा झालेला मी पाहिलाय.

दुसऱ्या आजाराचं, म्हणजे हिसक्यांचं, नेहमीचं कारण आहे 4के टेक्श्चर. टेक्श्चर म्हणजे गेममधल्या वस्तूवर चढवलेलं चित्र. इथे मी थोडी थांबते, कारण मुलांचे पैसे सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

4के टेक्श्चर म्हणजे 4096 गुणिले 4096, साधारण 1 कोटी 68 लाख पिक्सेलचं चित्र. नीट कॉम्प्रेस केलेलं असलं तरी ते कार्डाच्या मेमरीत 16 एमबी घेतं, आणि लांबून दिसण्यासाठीच्या त्याच्या लहान प्रती धरल्या की 21 एमबीच्या वर जातं. कॉम्प्रेस केलेलं नसेल तर याच्या चौपट. एका वस्तूला रंगाचं एक आणि उठावाचं एक अशी निदान दोन चित्रं लागतात. आपल्याकडे हजारो घरांत असलेल्या जीटीएक्स 1650 मध्ये मेमरी 4 जीबी. शंभरेक वस्तू अशा नटवल्या की ती भरली. मग कार्ड साध्या रॅममधून डेटा ओढायला लागतं, तो रस्ता खूप हळू, आणि तुम्ही मान वळवलीत की हिसका बसतो.

आता तुमचा मॉनिटर बघा. 1920 गुणिले 1080 म्हणजे 21 लाखांहून कमी पिक्सेल. अख्ख्या स्क्रीनवर 21 लाख ठिपके, आणि टेबलावरच्या मडक्याला 1 कोटी 68 लाखांचं चित्र! तो तपशील तुम्हाला दिसणारच नाही. बहुतेक चांगले मॉडर त्याच टेक्श्चरची 2के आणि 1के आवृत्तीही देतात. 2के (2048 गुणिले 2048) घेतलं की मेमरी थेट एक चतुर्थांशावर येते. डोंगर, जमीन, तुमच्या पात्राचं चिलखत हे 2के ठेवा आणि भांडीकुंडी 1के. आधी टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची मेमरी किती भरली आहे ते बघा. काठोकाठ असेल तर निदान झालं.

एक उलटा प्रकारही आहे, आणि त्याने लोक फार गोंधळतात. गेमच्या सुरुवातीला हेल्गनकडे जाणारी घोडागाडी वेड्यासारख्या उड्या मारते, टेबलावरच्या वस्तू आपोआप फेकल्या जातात. हा वेग कमी असल्याचा दोष नाही, वेग जास्त झाल्याचा आहे. स्कायरिमचं भौतिकीचं गणित 60 एफपीएस धरून बांधलेलं आहे. 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतला आणि गेम 60 च्या वर पळाला की हे गणित बिघडतं. इथे नवं, जास्त ताकदीचं कार्ड लावाल तर दुखणं वाढेल. 60 वर मर्यादा घाला, किंवा हे जुळवून घेणारा डिस्प्ले ट्वीक्सचा मॉड टाका.

मशीन उघडण्याआधी काही गोष्टी मात्र बघाच. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की मदरबोर्डला? मदरबोर्डला असेल तर बहुतेक वेळा कार्ड नुसतं बसून असतं. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन गेमच्या नावापुढे हाय परफॉर्मन्स निवडा, आणि चार्जर लावूनच खेळा. वेगळं कार्डच नसेल, ग्राफिक्स आतच असलेल्या रायझन 5600जी सारख्या प्रोसेसरवर भागवत असाल, तर रॅमची एकच पट्टी आहे का ते बघा. अशा मशीनमध्ये ग्राफिक्सही रॅमच वापरतं. 16 जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा 8 च्या दोन असतील तर फरक डोळ्याला दिसतो. आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा.

आमच्या नागपुरात मे महिन्यात आणखी एक कारण असतं, आणि ते मशीनच्या बाहेर असतं. पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीतलीच हवा तो फिरवतो. जानेवारीत 20 अंशांच्या खोलीत कार्ड 68 वर राहत असेल, तर उन्हाळ्यात 38 च्या खोलीत तेच काम करताना ते 86 च्या आसपास जाऊ बघणार. बरीच कार्डं त्याच्या आधीच स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणून "दिवाळीत चांगला चालत होता" असं कुणी म्हटलं की मी आधी कॅबिनेट उघडायला सांगते. जाळीतली धूळ काढा, कॅबिनेट भिंतीपासून दूर सरकवा, आणि मगच मॉडवर संशय घ्या.

मॉडवर यायचं तर आधी हे समजून घ्या : गेमच्या फोल्डरमध्ये फाइली थेट कॉपी करू नका. मॉड ऑर्गनायझर 2 वापरा. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेम चालताना तेवढ्यापुरता सगळं एकत्र असल्याचं भासवतो. खूण काढली की मॉड गेला, मूळ गेमला धक्का नाही. दोन मॉडमध्ये तीच फाइल असेल तर कोण जिंकतं, तेही तिथेच दिसतं. प्लगिनचा (मॉडमधल्या, गेमला बदल सांगणाऱ्या फाइलींचा) क्रम लूट नावाच्या प्रोग्रॅमकडून लावून घ्या आणि मॉडच्या पानावरच्या सूचना वाचून हाताने सुधारा. ते पान शेवटपर्यंत वाचाच. आधी कोणता मॉड लागतो, कशाशी पटत नाही, हे सगळं मॉडरने तिथे लिहिलेलं असतं. साध्या प्लगिनची मर्यादा 254 आहे; हलके प्लगिन त्यात धरत नाहीत, त्यांची वेगळी 4096 ची सोय आहे.

खेळ अर्ध्यावर आला असताना स्क्रिप्टवाला (गेम चालताना स्वतःचा कोड चालवणारा) मॉड काढू नका. त्याची माहिती सेव्हमध्ये उतरलेली असते, आणि मॉड काढल्यावरही ती तिथेच लोंबकळत राहते. काढायचाच असेल तर नवा खेळ सुरू करा. आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई, हा बऱ्याच मॉडना लागणारा जोड-प्रोग्रॅम गेमच्या नेमक्या आवृत्तीचाच हवा. नोव्हेंबर 2021 मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत गेमची मूळ फाइल बदलली आणि त्यावर बसलेले असंख्य मॉड एका रात्रीत थांबले. म्हणून स्टीममध्ये (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ऑनलाइन दुकान) या गेमचं अपडेट फक्त गेम चालू करताना व्हावं असं ठेवा, आणि गेम एसकेएसईच्या लोडरमधूनच उघडा, म्हणजे अपडेट नकळत होणार नाही.

गेम बंदच पडत असेल तर अंदाज बांधत बसू नका. क्रॅश लॉगरचा मॉड टाका. गेम पडला की डॉक्युमेंट्समध्ये, स्कायरिमच्या फोल्डरमधल्या एसकेएसई फोल्डरमध्ये तो एक मजकूर लिहून ठेवतो, आणि त्यात बहुतेकदा दोषी फाइलचं नाव असतं. युरो ट्रक सिम्युलेटर 2 खेळणाऱ्यांनाही, ज्यांना हायवेवर आपल्याकडच्या बसगाड्या पळवायच्या असतात, हेच सांगते. त्या गेमची game.log.txt ही फाइल उघडा, एररच्या ओळी वाचा, कोणता मॉड ओरडतोय ते तिथे दिसतं. लॉगमधूनही कळलं नाही तर नव्या सेव्हवर अर्धे मॉड बंद करा. दोष गेला तर तो बंद केलेल्या अर्ध्यात होता, राहिला तर चालू असलेल्यात. त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे करा. शंभर मॉड असले तरी सातेक फेऱ्यांत एकावर येता. फक्त एक मॉड दुसऱ्यावर अवलंबून असेल तर ती जोडी एकत्र चालू-बंद करायची.

हे सगळं मी इतकं जीव तोडून सांगते, कारण हे मॉड करणारी माणसं बहुतेक पगाराशिवाय काम करतात. एप्रिल 2015 मध्ये स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकायची सोय झाली, आणि खेळणाऱ्यांच्या विरोधामुळे आठवड्याच्या आत मागे घेतली गेली. मूळ गेममधल्या शेकडो चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅचसुद्धा अशाच लोकांनी केलाय आणि फुकट दिलाय. मॉड चालला नाही की त्याच्या पानावर जाऊन शिव्या लिहिणारे बघितले की मला वाईट वाटतं. आणि एखादी बारावीतली मुलगी स्वतः लॉग वाचून "सापडलं!" म्हणते, तेव्हा इतका आनंद होतो की काय सांगू.

एवढं करूनही भार कार्डावरच आहे असं दिसलं, तर जरूर घ्या. मेमरी 8 जीबीपेक्षा कमी घेऊ नका. तुमचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे आणि नव्या कार्डाला लागणारी पॉवर केबल त्याला आहे का, ते आधी बघा. मदरबोर्ड जुना असेल तर आणखी एक गोष्ट तपासा : आरएक्स 6500 एक्सटी सारखी काही स्वस्त कार्डं मदरबोर्डशी फक्त चार लेननी (डेटाच्या वाटांनी) बोलतात, आणि पीसीआयई 3 च्या, म्हणजे कार्ड जोडायची जुनी पद्धत असलेल्या, बोर्डवर त्यांचा वेग पडतो. आणि तरीही अडलंत तर खुशाल मला विचारा. फक्त सोबत गेमची आवृत्ती, मॉडची यादी क्रमासकट, कार्ड आणि रॅमची माहिती आणि शेवटचा क्रॅश लॉग पाठवा.