कुत्रा चाटतो तेव्हा

कुत्रा आपल्याला चाटतो म्हणजे त्याचे आपल्यावर प्रेम आहे, असे आपण धरूनच चालतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण त्याच चाटण्यामागे भूक, भीती, अंगवळणी पडलेली सवय किंवा पोटाचे दुखणेही असू शकते, आणि यांतले नेमके काय आहे ते न ओळखता दिलेला प्रतिसाद हमखास चुकतो. आमच्या गुहागरकडच्या घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे आणि घरातला प्रत्येक जण त्याच्या चाटण्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावत असतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

या सवयीचे मूळ पिल्लूपणात आहे. सह्याद्रीतले कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे असोत की रात्री आमच्या मळ्याच्या कडेने ओरडणारे कोल्हे, शिकार करून परतलेल्या मोठ्या जनावराचे तोंड पिल्ले चाटू लागतात आणि त्या चाटण्यासरशी ते पोटातले अर्धवट पचलेले अन्न त्यांच्यापुढे ओकून टाकते. घरची कुत्रीदेखील कधी कधी आपल्या पिल्लांना असे भरवते. वाढत्या वयात अन्नाची ही मागणी मागे पडते, पण ‘मी लहान, तू मोठा’ असे सांगणारी खूण म्हणून तोंड चाटणे टिकून राहते. बाहेरून आलेल्या माणसाच्या अंगावर उडी घेऊन कुत्रा नेमका हनुवटीपर्यंत पोहोचू पाहतो, त्याचे कारण हेच.

दुसरे कारण अगदी साधे आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि वाळला की कातडीवर मीठ ठेवून जातो; त्यात हातांना बांगड्याचा वास असेल तर कुत्र्याला वेगळे आमंत्रण लागत नाही. माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर जेमतेम १,७००. तेव्हा चवीपेक्षा वासाचाच ओढा त्याला अधिक असावा. मासळी साफ करून उठलेल्या आईची बोटे मोत्या एकेक करून, मधल्या बेचक्यांसकट चाटतो. ते मायेपोटी चालले आहे असे मानायला आई तयार नाही आणि माझ्या मते तिचेच बरोबर आहे.

भीतीपोटीचे चाटणे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गणपतीत चाकरमानी आले की घर भरून जाते आणि मुले दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात पडतात. अशा वेळी मोत्याचे कान मागे जातात, अंग ताठ होते, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, आणि तो मान वळवून मुलाच्या गालावर दोन-तीनदा झटपट जीभ फिरवतो. ‘बघ, कसा पापी घेतोय!’ असे आत्या कौतुकाने म्हणते. वास्तविक तो ‘आता सोड मला’ अशी विनवणी करत असतो, आणि ती वारंवार दुर्लक्षिली गेली तर पुढची पायरी गुरगुरण्याची आणि त्यानंतरची चावण्याची असू शकते. आनंदाने चाटणाऱ्या कुत्र्याचे अंग सैल असते, शेपटी कमरेसकट हलत असते. हा फरक मुलांना शिकवणे मला कुत्र्याला काही शिकवण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

नको असलेले चाटणे थांबवण्यासाठी आपल्याकडे सर्रास ओरडतात किंवा चापट मारतात. कुत्र्याचे चाटणे मुळात नमते घेण्याचे असेल तर मार खाल्ल्यावर तो आणखी नमते घेईल, म्हणजे आणखी चाटेल. आणि ते लक्ष वेधण्यासाठी असेल तर आरडाओरडा किंवा खिदळणे हेही त्याच्या दृष्टीने लक्षच ठरते. त्यापेक्षा एक शब्दही न बोलता हात काढून घ्यावा, तोंड फिरवावे, गरज पडल्यास उठून आत जावे, आणि तो शांत बसला की लगेच थोपटावे. तोंडाला चाळा म्हणून त्याला एखादे खेळणे द्यावे. घरात एकाने चाटू द्यायचे आणि दुसऱ्याने खेकसायचे, असे चालले तर मात्र यातले काहीच साधत नाही.

कुत्र्याची लाळ औषधी असते आणि तिने जखम भरते, असे आमच्याकडे अजूनही ऐकू येते. लाळेत काही जंतूंना थोडेफार रोखणारे घटक असतात हे खरे, पण माणसाच्या जखमेत भलतेच जंतू सोडणारीही तीच लाळ असते. निरोगी, अखंड कातडीवर कुत्र्याने चाटले तर साबणाने धुणे पुरेसे आहे. उघडी जखम, डोळा किंवा ओठांची आतली बाजू यांना लाळ लागली असेल आणि कुत्रा बिनलशीचा किंवा अनोळखी असेल, तर रेबीजच्या दृष्टीने ते गंभीर संपर्कातच मोडते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, डोळा किंवा तोंड असेल तर भरपूर पाण्याने धुवावे, चुना, हळद, मिरची असले काही लावू नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू लाळेत उतरू शकतो, म्हणून कुत्रा धडधाकट दिसतो या समजुतीवर थांबू नये.

उलट दिशेचा धोकाही आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. गुडघेदुखीवर चोळायच्या अनेक मलमांत डायक्लोफेनॅक असते. गिधाडांच्या ऱ्हासामुळे भारतात २००६ साली ज्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेच हे औषध. ते चाटून पोटात गेले तर कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आमची आजी संध्याकाळी पडवीत बसून मलम लावते, तेव्हा ते जिरेपर्यंत ती गुडघ्यांवरून लुगडे नीट ओढून घेते आणि मोत्याला अंगणात पिटाळते.

कुत्रा माणसांना सोडून जमीन, भिंत, सतरंजी असे जे दिसेल ते तासन्‌तास चाटू लागला, तर त्याला खोड म्हणून सोडून देऊ नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात अशा १९ कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांतील १४ जणांना पचनसंस्थेचा काही ना काही विकार आढळला होता. एकच पंजा सतत चाटून तिथले केस गेले असतील तर गोचीड, त्वचारोग किंवा सांधेदुखी यांपैकी काय आहे ते पशुवैद्यालाच पाहू द्यावे, आणि जाताना चाटण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ सोबत न्यावा, कारण दवाखान्याच्या टेबलावर बहुतेक कुत्री चाटणे विसरून नुसती थरथरत उभी राहतात.