आमची वाटचाल : दुसरीच्या मुठीत मावेल अशी लेझीम

सांगलीतल्या आमच्या कारखान्याचे मूळ काम कातारीचे, म्हणजे खरादीवर लाकूड फिरवून वस्तू घडवण्याचे. वडील पोळपाट-लाटणी आणि पाळण्याचे खूर करीत, आणि स्वातंत्र्यदिन जवळ आला की आसपासच्या शाळांकडून लेझमीचे दांडे व कवायतीचे लाकडी डंबेल्स यांची मागणी येई. एवढी गर्दी सोडली तर क्रीडासाहित्याशी आमचा संबंध नव्हता. तो बाजार मीरत आणि जालंधरच्या मालाने भरलेला असे, आणि आजही असतो.

एका वर्षी माल पोहोचवायला मी स्वतः एका प्राथमिक शाळेत गेलो होतो. दुसरीतली एक मुलगी लेझीम घेऊन रांगेत उभी होती. दीड फुटाचा दांडा तिच्या मुठीत नीट बसत नव्हता, साखळी ताणायला हात पुरत नव्हते, आणि बाई ‘चार आवाज’ म्हणाल्या तेव्हा तिचा एकही आवाज निघाला नाही. ती लेझीम आमच्याच कारखान्यातली होती. घरी आल्यावर दांडा एक फुटाचा केला, जाडी उतरवली, साखळीच्या कड्या कमी केल्या आणि चकत्या पातळ पत्र्याच्या घेतल्या. त्या पहिल्या खेपेत चकत्यांच्या कडा घासायच्या राहिल्या आणि एका मुलाचे बोट कापले. चूक सर्वस्वी आमची होती. सगळा माल परत आणला आणि तेव्हापासून प्रत्येक चकतीची कड बोट फिरवून तपासल्याशिवाय ती ओवली जात नाही.

2009च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य द्यावे असे म्हटले आहे. शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद मात्र सहावी ते आठवीसाठी आहे, तीही पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे लहान वर्गांचा पी.टी.चा तास बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षिकाच घेतात, आणि त्यांच्या हाती चाळीस मुले व एक चेंडू असतो. अशा तासाला मूल धावते थोडे आणि रांगेत उभे राहते फार. म्हणून आम्ही सुटे साहित्य विकण्याऐवजी एका वर्गाला पुरेल असा संच करू लागलो आणि सोबत मराठी सूचनापत्र देऊ लागलो, ज्यात मैदानावर पांढऱ्या फक्कीने कोणत्या रेघा मारायच्या हेही काढून दाखवलेले असते.

मापांचा आग्रह धरल्यामुळे काही गिऱ्हाइके गेली. फुटबॉल पाच नंबरचाच हवा, ‘खरा’ हवा, असे मुख्याध्यापक सांगत. आठ वर्षांखालच्या मुलाला तीन नंबरचा चेंडू योग्य, हे पटवायला बराच वेळ जाई. बास्केटबॉलची रिंग मोठ्यांसाठी 3.05 मीटरवर असते, मिनी बास्केटबॉलमध्ये ती 2.60 मीटरवर येते, हे दाखवल्यावर काहींचे मत बदलले. केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतल्या शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांत 5 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांना आळीपाळीने झटपट हात लावत 25 फेऱ्या करणे आहे. त्यासाठीची फळी आता आम्ही करतो. उधारीबद्दल इतकेच लिहितो की दरपत्रके तत्परतेने मागवली जातात आणि बिले मार्चअखेरची वाट पाहतात.

2020च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि खरादही थांबली. त्या रिकाम्या दिवसांत झेलण्याच्या सरावासाठी कापडी पिशव्या करून पाहिल्या, कारण पिशवी हातून सुटली तरी चेंडूसारखी घरंगळत जात नाही. वाळू शिवणीतून झिरपू लागली, म्हणून चिंचोके भरले. पावसाळ्यात त्यांना कीड लागली आणि पिशवीत पीठ उरले. मग चिंचोके भाजून भरू लागलो. हा उपाय टिकला. फक्त एका शाळेने बारा पिशव्या उसवलेल्या परत पाठवल्या, आणि चिंचोके मुलांनी खाल्ले असल्याचे चिठ्ठीत कळवले. आता शिवण दुहेरी घालतो.