आधी वाक्यं, मग टेबलं

डेटा मॉडेल करायचं, म्हणजे कुठली माहिती कशी साठवायची याचा आराखडा काढायचा म्हटलं, की बहुतेकांचा हात थेट मायएसक्यूएल वर्कबेंच या डेटाबेस आखायच्या टूलकडे जातो. टूल चांगलंच आहे, पण ते पहिल्या चौकटीपासून कॉलम, डेटाटाइप आणि प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारी खूण) मागतं. व्यवहार नीट समजायच्या आत टेबलं तयार!

त्याआधी साधी वाक्यं लिहावीत. समजा, ग्रंथालय आहे. 'सभासद प्रत नेतो.' 'प्रत पुस्तकाची असते.' प्रत्येक वाक्याला दोन्ही बाजूंनी विचारायचं: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? मग खऱ्यासारख्या चार-पाच नोंदी भरून बघायच्या. त्यातली एक मुद्दाम अडचणीची हवी: त्याच सभासदाने तीच प्रत मार्चमध्ये नेली, परत केली आणि जूनमध्ये पुन्हा नेली.

वर्कबेंचमध्ये सभासद आणि प्रत यांच्यात अनेक-ते-अनेक रेघ ओढली, की मधलं टेबल आपोआप बनतं आणि दोन्ही फॉरेन की (सभासदाच्या आणि प्रतीच्या नोंदीकडे दाखवणारे कॉलम) मिळून त्याची प्रायमरी की होते. जूनची नोंद तिथे 'डुप्लिकेट एंट्री' म्हणून अडते. कारण 'देवघेव' ही नुसती जोडणी नाही. तिला नेल्याची तारीख आहे, परतीची तारीख आहे. तिला स्वतंत्र एंटिटी (जिची स्वतःची नोंद ठेवायची अशी गोष्ट) करा, स्वतःची की द्या आणि दोन्हीकडे तुटक रेघेचं, म्हणजे नॉन-आयडेंटिफाइंग, नातं जोडा; त्यात फॉरेन की प्रायमरी कीचा भाग होत नाही.

टेरी हाल्पिन यांच्या ऑब्जेक्ट-रोल मॉडेलिंग या पद्धतीची सुरुवातच अशा वाक्यांपासून आणि नमुन्यांपासून होते. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रॅमिंगच्या टूलमधलं नॉर्मा हे एक्स्टेन्शन तर आकृतीत काढलेले निर्बंध उलट वाक्यांत वाचून दाखवतं (इंग्रजीत का होईना). प्लांटयूएमएल या टूलची आकृती मजकुरातून बनते, त्यामुळे गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) बदल स्पष्ट दिसतात. मात्र मॉडेल बरोबर आहे का, हे ते तपासत नाही.

प्रोग्रॅममध्ये क्लास आले की इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासखाली त्याचे उपप्रकार करण्याचा, मोह होतो: सभासदाखाली विद्यार्थी आणि शिक्षक. जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट टेबलांत साठवायची पद्धत) आपण काही न सांगितल्यास सगळ्यांना एकाच टेबलात घालतं. शिक्षकाच्या नोंदीत हजेरी क्रमांक रिकामाच राहणार, त्यामुळे विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक साध्या 'नॉट नल'ने (रिकामं चालणार नाही या अटीने) सक्तीचा करता येत नाही. 'जॉइन्ड' पद्धतीत (समाईक माहिती सभासदाच्या टेबलात, बाकीची उपप्रकाराच्या टेबलात) ती सक्ती जमते, पण दर पातळीला एक जॉइन, म्हणजे टेबलं जोडून वाचण्याचं काम, वाढतो. प्रत्येक क्लासला सगळ्या माहितीसह वेगळं टेबल दिलं, तर देवघेवीची फॉरेन की नेमकी कुठल्या टेबलाकडे दाखवणार?

मुळात विद्यार्थी पुढे शिक्षक झाला तर ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. अशा ठिकाणी इनहेरिटन्स नकोच. 'भूमिका' ही वेगळी एंटिटी करा आणि तिला सुरुवातीची व शेवटची तारीख द्या.