पंधरा सुट्या भागांसाठी पाच सॉफ्टवेअर

झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं असलेल्या आणि मागून वायरने जोडायच्या बोर्डवर, केलेलं माझं पहिलं सर्किट आठ महिने चाललं. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद, रिकामी झाली की चालू, एवढंच त्याचं काम. टाकीत पाण्याबरोबर वर-खाली होणारे दोन फ्लोट स्विच आणि खाली डब्यात एक ५५५ टायमर आयसी, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बाजारात ज्याला शुगर क्यूब म्हणतात तो १२ व्होल्टचा रिले (विजेने चालणारा स्विच), बझर आणि किरकोळ रेझिस्टर-कपॅसिटर. टर्मिनल सोडले तर मोजून पंधरा भाग. गणपतीच्या साफसफाईत डबा खाली पडला, मागची एक वायर सुटली आणि ती शोधायला बोर्ड उलटा केला तर नुसता शेवयांचा गुंता. मीच केलेलं सोल्डरिंग मलाच उलगडेना. तेव्हा ठरवलं, आता नीट ट्रॅक, म्हणजे वायरऐवजी तांब्याच्या पट्ट्या असलेला बोर्ड करायचा.

मी बँकेत नोकरी करते, शिक्षण बी.कॉम. सोल्डरिंग शिकले ते घरातला रेडिओ दुरुस्त करताना. त्यामुळे असा बोर्ड कॉम्प्युटरवर आखायचं 'पीसीबी डिझाइन सॉफ्टवेअर' हा शब्दच आधी जड वाटला. डिप्लोमा करणारा भाचा म्हणाला, "मावशी, कशाला डोकं लावतेस? हे घे, कॉलेजात सगळे हेच वापरतात." पेन ड्राइव्हमध्ये एक महागडं सॉफ्टवेअर होतं आणि शेजारच्या फोल्डरचं नाव 'क्रॅक'. ज्या लॅपटॉपवर मी पगाराचं खातं उघडते, त्यावर हे नको म्हटलं. तो रुसला, पण पेन ड्राइव्ह परत गेला.

मग व्हिडिओ पाहायला लागले. जुने चांगले धडे बहुतेक ईगल नावाच्या अशाच एका सॉफ्टवेअरवर निघाले. शिकवणारे इतकं छान समजावत होते की मी जवळजवळ ठरवलंच होतं. सहज त्याचा इतिहास वाचला. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टचं हे १९८८ सालचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं, पुढच्याच वर्षी ते वर्गणीवर गेलं, आणि ७ जून २०२६ ला ते बंद होणार हे कंपनीने २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं. फुकट आवृत्तीत दोन लेयर (तांब्याचे थर) आणि ८० चौरस सेंटिमीटरची मर्यादा, ती मला भरपूर होती. पण मोटरचा बोर्ड दहा वर्षं भिंतीवर राहणार, आणि त्याची फाइल मला परत उघडता येणार की नाही, हा प्रश्न मी पहिल्यांदा स्वतःला विचारला तो इथे.

यानंतर मी एक नियम केला. तुलनेचे तक्ते वाचायचे नाहीत. हेच पंधरा भागांचं सर्किट प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये काढायचं, एकेक रविवार द्यायचा आणि गर्बर फाइल, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याकडे पाठवायच्या फाइली, निघेपर्यंत उठायचं नाही. बोर्ड बनवणाऱ्याला तुम्ही कशात काढलंय याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला तांब्याचा थर, हिरव्या मास्कचा थर, वरची अक्षरं, बोर्डची कड आणि भोकांची यादी अशा वेगवेगळ्या फाइली लागतात. तिथवर पोचलं की गंगेत घोडं न्हालं.

पहिला रविवार फ्रिट्झिंगला. ब्रेडबोर्डवरचं (सोल्डरिंग न करता भाग खोचायच्या पाटीवरचं) सर्किट चित्रासारखं दाखवणारं यासारखं दुसरं नाही, शाळेतल्या मुलांना समजावायला मी आजही तेच उघडते. साताठ युरो देऊन डाउनलोड करावं लागतं, ते खटकलं नाही. पण पीसीबीच्या खिडकीत माझा हात बसेना. सोडून दिलं.

दुसरा रविवार इझीईडीएला, आणि संध्याकाळी चहाच्या आत बोर्ड तयार! ब्राउझरमध्येच चालतं, सुटा भाग शोधला की चिन्ह, पायांची जागा, फोटो, किंमत सगळं एकत्र समोर येतं. बोर्ड मागवायचं बटणही तिथेच. कोणी मला "लवकर काय शिकू?" असं विचारलं तर मी अजूनही हेच नाव सांगेन. माझी अडचण वेगळी होती. त्यातली यादी चीनमधल्या एका दुकानाच्या मालाशी जोडलेली, आणि मी भाग घेते पुण्यात तपकीर गल्लीत, काउंटरवर उभं राहून. तिथे मॉडेल नंबर कोण सांगतो? "ताई, रिले बारा व्होल्ट का पाच?" एवढंच विचारतात.

तिसरा रविवार कायकॅडला दिला आणि तो अख्खा वाया गेला. डाउनलोडच एक जीबीहून मोठं. आकृतीतलं चिन्ह वेगळं, बोर्डवरची पायांची जागा म्हणजे फूटप्रिंट वेगळा, आणि त्यांची जोडी आपण लावायची. मला हे उगाचचं सोवळं वाटलं. शेवटी तपासणी चालवली तर लाल बाण आले: पॉवरच्या पिनला वीज कुठूनच येत नाही म्हणे. अहो, अडॅप्टरचं टर्मिनल काढलंय की समोर! दोन तास गेल्यावर कळलं की टर्मिनलमधून वीज येते हे त्याला कळत नाही, तिथे 'पॉवर फ्लॅग' नावाची खूण लावून सांगावं लागतं. राग आला, पण पुढच्या रविवारी परत बसले. याचं कारण थोडं हास्यास्पद आहे. कायकॅडची फाइल मी नोटपॅडमध्ये उघडून पाहिली आणि त्यात मजकूर होता, चक्क वाचता येणारा. माझ्या रेझिस्टरची नावं, मूल्यं, जागा, सगळं ओळीने लिहिलेलं. उद्या हे सॉफ्टवेअर नाहीसं झालं तरी माझी वही माझ्याकडे आहे असं वाटलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका शिक्षकाने, जाँ-पिएर शारा यांनी, ते १९९२ मध्ये सुरू केलं, आणि २०१३ पासून सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने त्याला हातभार लावला. मुक्त आणि फुकट आहे. आकाराची अटही नाही.

चिन्ह आणि फूटप्रिंट वेगळे का, हे मला माझ्याच चुकीने शिकवलं. ट्रान्झिस्टर घेताना मी यादीतलं सर्वसाधारण चिन्ह उचललं, ज्यात पायांचा क्रम एमिटर, बेस, कलेक्टर असा होता. बीसी ५४७ चा क्रम नेमका उलटा, कलेक्टर आधी. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? त्याने मी सांगितलं तसंच केलं.

हे लक्षात आलं तेव्हा बोर्ड घरीच तयार झाला होता. लेझर प्रिंट, ती तांब्यावर उतरवायला इस्त्री, नको ते तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइड आणि बाथरूममध्ये पिवळे डाग. खरं तर तो दुसरा बोर्ड. पहिला वाया गेला, कारण मी खालच्या थराची प्रिंट आरशातली काढली. खालचा थर स्क्रीनवर वरून, बोर्डच्या आरपार दिसतो, त्यामुळे तो तसाच छापायचा असतो. इस्त्री केली की तो आपोआप उलटतो. तिसऱ्या बोर्डआधी मी शहाणी झाले आणि एकास एक मापात कागदावर प्रिंट काढून त्यात खरे भाग टोचून पाहिले. कपॅसिटर १० मिमीचा, मी जागा ठेवलेली ८ मिमीची.

इलेक्ट्रिशियन काका डबा बघून म्हणाले, "मोटर या रिलेवर घेऊ नका, मध्ये कॉन्टॅक्टर लावा." मोटरचा जड भार पेलणारा तो मोठा स्विच मी लावला. तरी २३० व्होल्ट बोर्डवर येतातच, म्हणून १२ आणि २३० च्या ट्रॅकमध्ये ६ मिमी अंतर हवं असा नियम मी कायकॅडमध्ये घातला. तर तो रिलेच्या पायांपाशीच मोडला, त्यांचीच दाटी इतकी. तिथे बोर्डला सरळ फट पाडली.

तिसरा बोर्ड करताना ट्रान्झिस्टरचं चिन्ह मात्र बदलायचं राहिलं, तेव्हा दोन्ही बीसी ५४७ फिरवून बसवले. डब्याच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवलंय: 'ट्रान्झिस्टर छापलेल्या चित्राच्या उलटे आहेत. ते तसेच बरोबर आहेत. हात लावू नये.'