ढाल क्रमांक ४ : अपसव्य

जुन्या युरोपी घराण्यांच्या मानचिन्हांच्या ढाली रंगवतोय, त्यातली महिनाभर रखडलेली चौथी ढाल परवा रात्री एकदाची पुरी झाली. निळ्या ढालीवर सोनेरी तिरका पट्टा, बस. ब्लेझन, म्हणजे मानचिन्हाचं ठरावीक भाषेतलं वर्णन, एवढंच : ‘अझ्युर, अ बेंड ऑर’ (अझ्युर निळा, बेंड तिरका पट्टा, ऑर सोनेरी). सोपी म्हणून निवडली आणि तिथेच फसलो.

पट्टा उलटा रंगवला. ढालीची डावी-उजवी बघणाऱ्याची नसते, ढाल धरणाऱ्याची असते, हे पाठ आहे हो! पण मास्किंग टेप लावताना हात माझ्या उजवीकडून सुरू झाला आणि झाला ‘बेंड सिनिस्टर’, म्हणजे ढाल धरणाऱ्याच्या डावीकडून उतरणारा पट्टा. बायको बघून म्हणाली, “जानवं घातलंय की काय हिला?” तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. समोरून पाहिलेलं सव्य जानवं म्हणजे बेंड सिनिस्टर. अपसव्य केलं, उजव्या खांद्यावरून डाव्या कुशीत आणलं, की साधा बेंड. आता चुकायचो नाही.

दुसऱ्या खेपेला सोनेरीनं छळलं. निळ्यावर थेट मारलं की हिरवट दिसतं, तीन हात दिले तरी. शेवटी टेपच्या कडेवरून आधी निळाच फिरवला (म्हणजे फट बुजते, पुढचा रंग आत झिरपत नाही), मग पांढरा, मग पिवळा ऑकर आणि त्यावर सोनेरीचे दोन पातळ हात. टेप सोलली तेव्हा कड सुरीनं कापल्यासारखी निघाली.

आता ही ढाल कुणाची? त्यावरच तर भांडण झालं. १३८५ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंड मोहिमेत स्क्रोप आणि ग्रोव्हनर हे दोन इंग्रज सरदार हीच ढाल मिरवत आले. खटला पाच वर्षं चालला. साक्षीदारांत कवी चॉसरही होता : लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर ही ढाल टांगलेली पाहून त्याला ती स्क्रोपची वाटली, तर कळलं ग्रोव्हनरची आहे. निकाल स्क्रोपच्या बाजूनं लागला. ग्रोव्हनरला तीच ढाल रुपेरी किनार लावून वापरायची मुभा मिळाली होती, पण १३९० मध्ये राजानं तीही काढून घेतली. नात्यागोत्यात किनारीचा फरक चालतो, परक्यांत नाही. मला हे पटतं. लांबून, धुळीत किनार दिसणार कुणाला?

मग ग्रोव्हनरनं निळ्यावर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पाचवी ढाल तीच. स्केच सुरू केलंय, पण ओंब्या काही जमेनात. सध्या तरी ती केरसुणी दिसतेय.