पाठ कोण चोळणार?

अंघोळीत माणूस हरतो तो पाठीपाशी. हात खांद्यावरून न्या नाहीतर कमरेकडून, मधला वीतभर पट्टा राहतोच.

रोमन सम्राट हेड्रियन सार्वजनिक स्नानगृहात जायचा. तिथे एक जुना सैनिक भिंतीला पाठ घासताना दिसला. का रे बाबा, तर म्हणाला, चोळायला गुलाम नाही. सम्राटाने त्याला गुलाम दिले, वर त्यांच्या पोटापाण्याची सोयही केली. (एकाच्या पाठीपायी दुसऱ्यांची आयुष्यं, पण तो काळच तसा.) पुढच्या खेपेला बघतो तर म्हातारेच म्हातारे भिंतीला पाठ घासतायत! मग त्याने त्यांना एकमेकांच्या पाठी चोळायला लावल्या. ही त्याच्या प्राचीन चरित्रातली गोष्ट. रचलेली असेलही, पण मला आवडते.

रोमन लोक अंघोळीला साबण घेत नसत. अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडायचं, घाम काढायचा आणि स्ट्रिजिल नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीने सगळं खरवडायचं. आपल्या अभ्यंगाला निदान उटण्याची माया असते. गरम दालनातली फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली, खालून भट्टीची धग खेळवलेली.

आणि गलका! तत्त्वज्ञ सेनेका अशाच एका स्नानगृहाच्या वर राहत होता. एका पत्रात त्याने वैतागून सगळी यादीच दिली आहे: वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, पाण्यात धबाधब उड्या, मालिशवाल्याचा पंजा सपाट पडला की पोकळ हे सांगणारा आवाज. काखेतले केस उपटणारा तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत स्वतः किंचाळायचा; मिळालं की गिऱ्हाईक किंचाळायचं.

कडी लावून मुकाट अंघोळ उरकणाऱ्या मला या गर्दीचा थोडा हेवाच वाटतो. पण गर्दी म्हटली की चोर आलेच. इंग्लंडमधल्या बाथ गावी रोमन काळातल्या स्नानगृहाच्या गरम झऱ्यात शिसं-कथलाचे सुमारे 130 पत्रे सापडले. सुलिस मिनर्व्हा देवीला लिहिलेले शाप, बरेचसे चोरांना. डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा गेला होता. चोर बाई असो वा पुरुष, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला मरण दे. झगा देवळात आणून देईपर्यंत झोप नको, मूलबाळ नको.

एका झग्यासाठी जरा जास्तच, असं वाटतं खरं. पण ब्रिटनच्या थंडीत झगा गमावून बसलेल्या माणसाने आणखी काय मागावं!